अँजिओग्राफी: मनगट, जांघ आणि त्यापलीकडच्या वाटा

‘हातातून करणार की पायातून?’ अँजिओग्राफी ठरली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. ‘हातातून,’ असं उत्तर मिळालं की मंडळी निर्धास्त होतात. बहुतेकांच्या बाबतीत ते उत्तर बरोबरही असतं. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाची बायपास झाली आहे, कुणाच्या एका हाताला नाडीच लागत नाही, कुणाच्या दोन्ही पायांच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, तर कुणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर आहे. अशांच्या बाबतीत सुई कुठे टोचायची हा निर्णय तपासणीइतकाच महत्त्वाचा असतो आणि तो घेताना रुग्णाने काही माहिती स्वतःहून सांगावी लागते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आज जी धमनी तपासणीसाठी वापरली, तिची उद्या दुसऱ्या कामासाठी गरज पडू शकते. त्यामुळे ‘कुठून सोपं जाईल’ एवढंच विचारून भागत नाही. ‘या माणसाला पुढच्या काही वर्षांत कोणती धमनी शाबूत हवी आहे’ हेही विचारायला हवं.

वाट म्हणजे नेमकं काय

हृदयाची, मेंदूची, पायाची किंवा मूत्रपिंडाची, कुठलीही अँजिओग्राफी असो, पद्धत मुळात एकच आहे. जागेवर भूल देऊन धमनीत सुई घालतात. सुईतून मऊ टोकाची बारीक तार आत सरकवतात. सुई काढून घेतात आणि तारेवरून प्लास्टिकची छोटी नळी, म्हणजे शीथ, बसवतात. पुढचं सगळं काम या शीथमधून चालतं. लांब, बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हव्या त्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी नेतात, त्यातून आयोडिनयुक्त औषध (सगळे त्याला ‘डाय’ म्हणतात) सोडतात आणि क्ष-किरणांवर चित्र घेतात. सुई-तार-नळीची ही रीत स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. त्याआधी धमनी उघडी करून कापावी लागे, नाहीतर जाड सुई थेट आत खुपसावी लागे. पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतलं ते मानेतल्या धमनीतून. त्यांच्याच देशातल्या रेनाल्दो दुस सान्तुस यांनी १९२९ मध्ये पाठीतून सुई घालून थेट महाधमनी गाठली.

हृदयाच्या अँजिओग्राफीची वाट गेल्या काही दशकांत दोनदा बदलली. क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृदयाच्या धमनीत निवडून डाय सोडण्याची सुरुवात केली, तेव्हा ते कोपराजवळची धमनी उघडी करून काम करत. १९६७ मध्ये मेल्विन जडकिन्स यांनी खास आकाराची कॅथेटरं आणली आणि सारं जग जांघेकडे वळलं. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या लुसियाँ काँपो यांनी १०० रुग्णांची अँजिओग्राफी मनगटातून केल्याचा अहवाल दिला. त्यानंतर चारेक वर्षांत अॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनेय यांनी मनगटातून स्टेंटही (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवून दाखवला. त्यामुळे एखादे ज्येष्ठ डॉक्टर अजूनही जांघेतूनच काम करताना दिसले तर बिचकू नका. त्यांचा हात त्या वाटेवर बसलेला असतो आणि या कामात बसलेल्या हाताला मोल आहे.

पहिली पायरी: घरी बसून आपल्या धमन्यांची यादी करा

तपासणीच्या आदल्या दिवशी वॉर्डातली नर्स भराभर प्रश्न विचारते, आपण भराभर उत्तरं देतो आणि नेमकं कामाचं सांगायचं राहून जातं. म्हणून एका कागदावर लिहून न्या.

आधी अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडणं) झाली असेल तर कधी, कुठल्या बाजूने, आणि तेव्हा वाट बदलावी लागली होती का. जुन्या डिस्चार्ज कार्डावर हे बहुतेक वेळा असतं. बायपास झाली असेल तर कोणत्या नसा वापरल्या: छातीच्या आतल्या बाजूची डावी धमनी, पायातली नस की हातातली धमनी. ऑपरेशनच्या नोटची झेरॉक्स सोबत असेल तर डॉक्टरांचा वेळ आणि तुमचा डाय, दोन्ही वाचतात, कारण कलम कुठे लावलं आहे ते शोधण्यात एरवी बरंच औषध खर्ची पडतं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) लिहा. फिश्चुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शिरा यांचा केलेला जोड) असेल तर कोणत्या हाताला, करायचं नुसतं ठरलं असेल तर तेही लिहा. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील, हाताला सूज राहत असेल, मनगट मोडून पट्टी-स्क्रू बसवले असतील, पायाच्या धमनीत स्टेंट किंवा कृत्रिम नळी असेल, तर तेही कागदावर आलं पाहिजे. कोणत्या हाताने काम करता आणि काम काय आहे, हेसुद्धा. शिंपी, सुतार, तबलजी, चित्रकार यांच्या डॉक्टरांनी तरी ते विचारलंच पाहिजे.

गोळ्यांच्या पाकिटांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. कृत्रिम झडप असलेल्या माणसाने वॉरफरिन परस्पर थांबवली तर झडपेवर गुठळी होऊ शकते. काही वेळा ती गोळी चालू ठेवूनच मनगटातून काम केलं जातं, कारण मनगटावरचं रक्त दाबून थांबवता येतं. जांघेतून काम करायचं तर हिशेब वेगळा होतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांनी ती कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे विचारून घ्यावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती ४८ तास बंद ठेवून, पुन्हा क्रिएटिनिन पाहून मग सुरू करायला सांगतात.

कोकणात आणि गोव्यात हमखास येणारा एक प्रश्न: ‘मला कोळंबी-खेकडे सोसत नाहीत, मग आयोडिनचा डाय चालेल का?’ या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. कोळंबीची अॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडिनची नसते. मात्र पूर्वी डायचीच रिॲक्शन आली असेल, तर ते ठळक अक्षरांत लिहा.

दुसरी पायरी: सुई टोचायलाच हवी का, हे विचारा

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. पायाच्या धमन्या कुठे तुंबल्या आहेत हे बऱ्याचदा डॉपलर सोनोग्राफी आणि सीटी अँजिओग्राफीवर पुरेसं कळतं. सीटीमध्ये डाय हाताच्या शिरेतून जातो, धमनीला हात लागत नाही. पोटातल्या महाधमनीचा आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांचा प्राथमिक अंदाजही तसाच घेता येतो. सगळ्या वाटा अवघड असलेल्या रुग्णासाठी कधीकधी हीच सर्वांत चांगली पर्यायी वाट ठरते.

सीटी अपुरं पडतं तेही सांगायला हवं. मधुमेही आणि डायलिसिसवरच्या रुग्णांच्या धमन्यांत कॅल्शियम इतकं साचलेलं असतं की चित्रात नुसता पांढरा झगमगाट दिसतो, आतली पोकळी किती उरली आहे ते कळत नाही. पोटरीखालच्या बारीक धमन्यांना हे विशेष लागू आहे. तिथे कॅथेटरचीच तपासणी लागते. शिवाय त्याच बैठकीत फुग्याने धमनी उघडायचा विचार असेल तर सुई टोचणं आलंच.

तिसरी पायरी: प्रत्येक वाटेची ओळख

*मनगट, अंगठ्याच्या बाजूची धमनी.* हृदयाच्या अँजिओग्राफीसाठी आज जगभर पहिली पसंती हिलाच आहे. ही धमनी कातडीलगत असते, खाली हाड असतं, त्यामुळे दाबली की रक्त थांबतं. शेजारी मोठी शिरा नाही की जाड मज्जातंतू नाही. वर हाताच्या पंज्याला करंगळीच्या बाजूच्या दुसऱ्या धमनीतूनही रक्त मिळतं, म्हणून ही बंद पडली तरी पंजा सहसा शाबूत राहतो. हार्ट अटॅक किंवा त्याच्या आसपासच्या अवस्थेतल्या ८,४०४ रुग्णांवर झालेल्या मॅट्रिक्स अभ्यासात (२०१५) जांघेच्या तुलनेत मनगटाच्या वाटेने मोठे रक्तस्राव कमी झाले आणि मृत्यूही कमी दिसले. थंडपणे ठरवून केलेल्या साध्या तपासणीत एवढा फरक पडेलच असं नाही, पण त्याच दिवशी उठून चालता येतं ही सोय मोठी आहे.

काम कसं चालतं ते पाहू. आधी अंगठ्याला ऑक्सिमीटर लावून मनगटावरची धमनी दाबतात आणि पडद्यावरची लहर टिकते का ते पाहतात. जुनी अॅलनची चाचणी याच विचारातून आली. एडगर अॅलन यांनी ती १९२९ मध्ये बर्गरच्या आजारासाठी (हातापायांच्या लहान धमन्या बंद पाडणारा आजार) लिहिली होती, कॅथेटरसाठी नव्हे. ती ‘नापास’ झाली म्हणजे हात धोक्यात, असं सरळ गणित नंतरच्या अभ्यासांत सिद्ध झालं नाही, म्हणून अनेक केंद्रांत ती आता सक्तीची नाही. मी मात्र ऑक्सिमीटरची चाचणी करून नोंदवून ठेवण्याच्या बाजूचा आहे. दोन मिनिटांचं काम असतं आणि पुढे रक्त थांबवायला मनगटावर बांधलेला पट्टा सोडताना ती नोंद उपयोगी पडते.

मग मनगटाखाली गुंडाळी ठेवून हात किंचित मागे वाकवतात, एक-दोन मिलिलिटर भूल देतात आणि मनगटाच्या हाडाच्या टोकापासून साधारण दोन सेंटिमीटर वर सुई घालतात. धमनी दोन ते तीन मिलिमीटर रुंदीची असते आणि ६ फ्रेंचची शीथ बाहेरून जवळपास अडीच मिलिमीटर भरते (एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा). म्हणजे जागा घट्टच. निदानापुरतं काम ५ फ्रेंचमध्ये होत असेल तर तेच बरं. शीथमधून नायट्रोग्लिसरिन किंवा वेरापामिल देतात, म्हणजे धमनी आवळत नाही. ते जाताना हातात क्षणभर चुरचुरतं. गुठळी होऊ नये म्हणून हिपॅरिन देतात, बहुधा वजनाच्या दर किलोला ५० युनिट.

धमनी आवळली तर हातात कळ येते आणि कॅथेटर पुढेमागे होत नाही. अशा वेळी चांगला डॉक्टर ओढाताण करत नाही. थांबतो, आणखी औषध देतो, वेदना आणि भीती कमी होईल असं शामक देतो. तुम्ही ‘दुखतंय’ असं लगेच सांगायचं, सोसत पडून राहायचं नाही. भीतीने आकसलेली धमनी धीर दिल्यावर सैल होते, हे कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, रोज दिसतं.

काही माणसांत हातातल्या धमनीला जन्मतः वेटोळं असतं किंवा ती काखेच्या जवळूनच फुटलेली असते. वयस्कर, बुटक्या, बराच काळ रक्तदाब असलेल्या माणसांत खांद्याखालची धमनी नागमोडी झालेली असते. ‘दीर्घ श्वास घ्या, धरून ठेवा’ असं सांगतात ते तिथलं वळण सरळ व्हावं म्हणून. तरीही कॅथेटर पुढे गेलं नाही तर वाट बदलावी लागते. वाट बदलणं म्हणजे काम बिघडलं असं समजू नका. तयारीत मनगटाबरोबर जांघेचेही केस काढतात ते याचसाठी.

*डावं मनगट.* डॉक्टर रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहतात, म्हणून उजवा हात सोयीचा पडतो. पण बायपासमध्ये छातीतली डावी धमनी वापरली असेल तर तिचं तोंड डाव्या खांद्याखालच्या धमनीत असतं आणि डाव्या हातातून ते सरळ गाठता येतं. बायपास झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘डाव्या हातातून करणार का?’ एवढं जरूर विचारावं.

*अंगठ्याच्या मुळाशी असलेली खळगी.* अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी पंज्याच्या पाठीवर त्रिकोणी खड्डा दिसतो. तीच मनगटाची धमनी तिथून पुढे जाते. २०१७ मध्ये कीमेनेय यांनीच ही जागा नव्याने चर्चेत आणली. डावा हात पोटावर ठेवून आरामात पडता येतं, रक्त लवकर थांबतं आणि इथे धमनी बंद झाली तरी मनगटावरचा तिचा मुख्य भाग बहुधा उघडा राहतो. २०२२ च्या डिस्को रेडियल अभ्यासात नेहमीच्या जागेवर धमनी बंद होण्याचं प्रमाण ०.९१ टक्के आणि खळगीतून ०.३१ टक्के आलं. दोन्ही इतके कमी आहेत की फरक ठामपणे सांगता येत नाही. उलट खळगीतून सुरुवात केल्यावर वाट बदलण्याची वेळ मात्र जास्त आली. धमनी इथे बारीक असते आणि हात बसायला वेळ लागतो. ज्यांना पुढे फिश्चुला लागू शकतो अशा रुग्णांसाठी या वाटेचा विचार होतो तो मनगट वाचवण्यासाठी.

*मनगट, करंगळीच्या बाजूची धमनी.* ही जरा खोल असते आणि तिला चिकटून मज्जातंतू असतो. नाडी ठसठशीत लागत असेल आणि अंगठ्याच्या बाजूची धमनी फारच बारीक असेल तर हिचा उपयोग होतो. त्याच हाताची अंगठ्याकडची धमनी आधीच बंद पडली असेल तर मी इथे हात घालणार नाही. पंज्याला रक्त देणारी तेवढी एकच उरलेली असते.

*जांघ.* इथली धमनी रुंद आहे, त्यामुळे जाड नळ्या जातात आणि शरीराच्या बहुतेक भागांत पोहोचता येतं. मूत्रपिंडाच्या, आतड्याच्या, विरुद्ध पायाच्या धमन्यांसाठी अजूनही ही नेहमीची वाट आहे. धोका आहे तो जागा चुकण्याचा. सुई मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यासमोर लागली पाहिजे, म्हणजे नंतर मागच्या हाडावर दाब देता येतो. खाली गेली तर धमनीला फुगवटा येतो किंवा शेजारच्या शिरेशी भोक जोडलं जातं. वर गेली तर रक्त पोटाच्या मागे साचतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. जाड माणसात कातडीची घडी या बाबतीत फसवते. म्हणून क्ष-किरणांवर हाड पाहून आणि सोनोग्राफीवर धमनी पाहून सुई घालणं केव्हाही चांगलं. ‘सोनोग्राफी पाहून टोचता का?’ हा प्रश्न विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

*कोपर.* मनगट चालत नाही, जांघही बंद, तेव्हा ही वाट आठवते. पोटातली महाधमनी मूत्रपिंडाच्या खाली पूर्ण तुंबली असेल तर दोन्ही जांघांत नाडी लागत नाही आणि वरून खाली उतरावं लागतं. तेव्हा डावा हात निवडतात. उजव्या हातातून गेलेलं कॅथेटर मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या तोंडावरून जातं आणि तिथला एखादा कण सुटून मेंदूत जाण्याची भीती असते. शिवाय डावीकडून अंतरही कमी पडतं. उंच माणसात मनगटापासून पायापर्यंत कॅथेटर पुरत नाही, कोपरापासून पुरतं.

पण कोपराची वाट कडक आहे. इथे हाताला रक्त नेणारी ही एकच मोठी धमनी असते, दुसरी जोडीदार नाही. गुठळी झाली तर पंजा गार पडतो. धमनीला लागूनच हाताचा मोठा मज्जातंतू जातो आणि दोघं एकाच घट्ट आवरणात असतात. त्यात थोडंसं रक्त साचलं तरी मज्जातंतू दबतो. बाहेरून गाठ लिंबाएवढीही दिसत नाही आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. अशा वेळी ‘सूज आहे, उतरेल’ म्हणून रात्र घालवायची नसते. वेळेत उघडून दाब सोडवला तरच बोटांची ताकद परत येते. म्हणून कोपराची वाट वापरलेल्या रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकाला एकच काम द्यावं: पहिले काही तास दर अर्ध्या तासाला बोटं हलवायला लावणं आणि बोटांना स्पर्श समजतो का ते विचारणं.

*काख, गुडघ्यामागची खळगी, पाऊल, पाठ.* काखेतली वाट निदानासाठी आता क्वचितच घेतात, कारण हाताचे सगळे मज्जातंतू तिथे एकत्र असतात. गुडघ्यामागून जायचं तर रुग्णाला पालथं झोपवावं लागतं. पावलावरच्या किंवा घोट्यामागच्या धमनीतून खालून वर जाण्याची रीत मधुमेही पायाच्या उपचारात रुळली आहे, नुसत्या निदानासाठी तिची गरज सहसा पडत नाही. पाठीतून थेट महाधमनीत सुई घालणं आणि मानेतून थेट टोचणं हे सीटीच्या आधीच्या काळाचं वैभव, आता इतिहासजमा.

काही रुग्ण, ज्यांच्या बाबतीत थांबून विचार करावा

*मूत्रपिंड निकामी होत असलेला माणूस.* इथे माझं मत ठाम आहे. फिश्चुला असलेल्या हाताला हात लावायचा नाही. फिश्चुला व्हायचा असेल तर त्या हाताच्या मनगटातून अँजिओग्राफी टाळायची. फिश्चुला बहुधा कमी वापराच्या हाताला, मनगटावरच्या याच धमनीला जोडून करतात. ती अरुंद किंवा बंद झाली तर पुढची कितीतरी वर्षं चालणारं डायलिसिस आधीच अडचणीत येतं. हृदयाचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात आणि या गोष्टीची चर्चा राहून जाते. ती घडवून आणायचं काम नातेवाइकांनाच करावं लागतं. पायाच्या तपासणीत मूत्रपिंडाला डाय नको असेल तर काही केंद्रांत कार्बन डायऑक्साइड वायू वापरून चित्र घेतात. मात्र तो छातीच्या पडद्याच्या वरच्या धमन्यांत कधीच वापरत नाहीत, मेंदूत बुडबुडा जाण्याचा धोका असतो.

*तरुण बाई, एका हाताला नाडी नाही.* ताकायासूचा आजार आपल्याकडे बऱ्यापैकी दिसतो, विशेषतः तरुण स्त्रियांत. जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं. महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंती सुजतात, आक्रसतात. डाव्या हाताची धमनी खांद्याखाली बंद असेल तर तिथे मोजलेला रक्तदाब खोटा असतो. हातावर ११० दिसतो आणि आत महाधमनीत तो २०० असू शकतो. म्हणून आधी दोन्ही हातांचा आणि दोन्ही पायांचा दाब मोजून मगच वाट ठरवायची आणि कॅथेटर आत गेलं की महाधमनीतला दाब नोंदवायचा. सूज पेटलेली असताना, म्हणजे ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या वाढलेल्या असताना, धमनीला उगाच डिवचू नये. बऱ्याच वेळा सीटी किंवा एमआर (एमआरआयवरच्या) अँजिओग्राफीवरच भागतं.

*बिडी-तंबाखूचा तरुण, पायाचं बोट काळं.* बर्गरच्या आजारात हातापायांच्या लहान धमन्या बंद होतात. मनगटाच्या आणि पंज्याच्या धमन्याही त्यात सापडलेल्या असू शकतात, म्हणून इथे मनगट ही सुरक्षित वाट मानू नये. जांघेतली धमनी बहुधा चांगली असते, तीच घ्यावी.

*पुढे बायपास होण्याची शक्यता असलेला रुग्ण.* काही सर्जन बायपाससाठी हातातली धमनी वापरतात. ज्या मनगटातून शीथ गेली आहे ती धमनी ते सहसा घेत नाहीत, आतलं अस्तर दुखावलेलं असतं. उजव्यातून अँजिओग्राफी झाली असेल तर डावी शिल्लक राहते. म्हणून विनाकारण दोन्ही हात वापरू देऊ नका.

चौथी पायरी: तपासणीच्या दिवशी

बांगड्या, अंगठ्या, मनगटावरचे धागेदोरे काढावे लागतात. हिरवा चुडा किंवा गंडा काढायला कुणी तयार नसेल तर आदल्या दिवशीच घरी बोलून घ्या, कॅथलॅबच्या दारात वाद नको. बोटांवरची गडद नेलपॉलिश काढा, ऑक्सिमीटरचं वाचन चुकू शकतं. सलाईनची सुई ज्या हातातून काम व्हायचं आहे त्या हाताला लावू देऊ नका. पोट किती तास रिकामं ठेवायचं ते विचारा आणि मधुमेहाच्या गोळीचं वा इन्सुलिनचं काय करायचं तेही त्याच वेळी विचारा.

फॉर्मवर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी बोलून घ्या. पहिली पसंती कोणती वाट आणि का. ती जमली नाही तर दुसरी कोणती. आणि ब्लॉक सापडला तर त्याच बैठकीत स्टेंट घालणार की बाहेर येऊन विचारणार. तिसऱ्याचा वाटेशी संबंध आहे, कारण उपचार करायचा तर कधी जाड शीथ लागते.

पाचवी पायरी: शीथ काढल्यावर

मनगटावर पारदर्शक पट्टा बांधून त्यात हवा भरतात. मेख इथे आहे. पट्टा इतका आवळायचा नसतो की धमनीतलं रक्त थांबेल. भोक बंद राहील आणि आतून रक्त वाहत राहील, इतकाच दाब हवा. धमनी पुढे बंद पडू नये याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ऑक्सिमीटर अंगठ्याला लावून, करंगळीकडची धमनी दाबून लहर दिसते का ते पाहिलं की दाब बरोबर आहे हे कळतं. तासा-दोन तासांनी हवा थोडीथोडी सोडतात. बोटं निळी पडली, फार दुखलं, तर नर्सला हाक मारा. पट्टा स्वतः सोडू नका.

जांघेत हाताने पंधरा-वीस मिनिटं दाब देतात. त्यानंतर चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. खोकला आला किंवा शिंक आली तर पट्टीवर हाताने दाब द्यावा. डाय लघवीवाटे बाहेर पडावा म्हणून पाणी प्यायला सांगतात. ज्यांना हृदयाच्या कमजोरीमुळे पाणी मोजून घ्यावं लागतं त्यांनी प्रमाण विचारून घ्यावं.

घरी गेल्यावरचे नियम वाटेप्रमाणे वेगळे. मनगटातून झाली असेल तर दोन-तीन दिवस कणीक मळणं, पाण्याची बादली उचलणं, कपडे पिळणं, दुचाकीचा क्लच दाबणं बंद. जांघेतून झाली असेल तर मांडी घालून बसणं, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं आणि वारंवार जिने चढणं काही दिवस टाळायचं. गावाकडे घरात कमोड नसतो, तेव्हा छिद्र पाडलेल्या खुर्चीची सोय डिस्चार्जच्या आधीच करावी.

मनगटातून रक्त आलं तर बसून हात वर धरा आणि भोकावर व किंचित वर अंगठ्याने दहा मिनिटं न उचलता दाब द्या. जांघेतून आलं तर रुग्णाला सपाट झोपवा, भोकाच्या थोडं वर तळहाताने जोर लावून दाबा आणि १०८ ला फोन करा. गाडीत बसवून न्यायचा प्रयत्न करू नका. जांघेतून झाल्यावर कंबरेत किंवा पोटात एका बाजूला दुखू लागलं, घाम फुटला, चक्कर आली, तर बाहेर रक्त दिसत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठा. हात किंवा पाय गार, पांढरा, बधिर होणं, गाठ वाढत जाणं किंवा गाठीत ठोके जाणवणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, ताप येऊन जागा लाल होणं, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. भोवताली काळंनिळं पडून ते खाली उतरत जाणं मात्र नेहमीचं आहे. आठ-दहा दिवसांत ते पिवळं होऊन जातं.

पहिल्या फेरतपासणीला डॉक्टरांकडून मनगटाची नाडी पाहून घ्या. हृदयाचं बोलणं चालू असताना हात पुढे करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. करंगळीकडून आलेल्या रक्तामुळे नाडी लागल्याचा भास होऊ शकतो, म्हणून करंगळीकडची धमनी दाबून पाहायला सांगा किंवा डॉपलर करून घ्या. धमनी लवकर बंद झालेली आढळली तर काही उपाय करता येतात. महिन्यांनी कळलं तर फक्त नोंद उरते. ती नोंद, म्हणजे कोणती बाजू, कोणती धमनी, शीथ किती फ्रेंचची, वाट का बदलली आणि आता नाडी आहे की नाही, डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि तपासणीच्या सीडीबरोबर फाइलमध्ये ठेवा.